दिंडोरीची काळी जमीन की मुरमाड उतार? वाइनच्या द्राक्षांसाठी जमीन कशी पारखावी

आपण लिहिले आहे की आपले वास्तव्य बोरिवलीत असून दिंडोरी तालुक्यात वडिलोपार्जित पाच एकर जमीन आहे. त्यातली ओढ्यालगतची तीन एकर काळी आणि भारी, तर वरच्या अंगाची दोन एकर मुरमाड, उताराची. काकांच्या मते द्राक्षाला काळीच हवी. आपण मात्र बोर्दो, शँपेन या भागांविषयी वाचले आहे आणि तिथे गोट्यांच्या व खडूसारख्या चुनखडकाच्या जमिनींचेच कौतुक आढळते. कॅबर्ने सोव्हिन्यॉ लावून एखाद्या वायनरीला द्राक्षे द्यावीत असा आपला विचार आहे, आणि आपले प्रश्न दोन आहेत: वाइनसाठी उत्तम जमीन कोणती, आणि जमिनीची चव खरोखरच वाइनमध्ये उतरते का?

मी मुलुंडला राहते. द्राक्षबागांना जमीन व पाणी यांविषयी सल्ला देणे हा माझा व्यवसाय असून त्यातले बहुतेक काम नाशिक जिल्ह्यातच चालते. माझ्या मते काका आणि आपण जमिनीच्या रंगावर व कीर्तीवर वाद घालत आहात. तिढा खरा पाण्याचा आहे. मण्यात पाणी उतरण्याच्या (म्हणजे हिरवा, कडक मणी मऊ होऊन पिकू लागण्याच्या) आधीचे काही आठवडे आणि तिथून काढणीपर्यंतचा काळ, या काळात वेलीला किती पाणी मिळावे हे आपल्याला ठरवता येईल का? ज्या जमिनीत ते ठरवता येते ती वाइनच्या द्राक्षांना चांगली, आणि जिथे ते जमीनच परस्पर ठरवून टाकते ती अवघड. खाण्याच्या द्राक्षाचा हिशेब निराळा असतो. तिथे मण्याची फुगवण आणि वजन हवे असते, त्यामुळे काकांचा अनुभव त्यांच्या पिकापुरता चुकीचा नाही.

आधी ही जमीन आली कुठून ते पाहू, कारण आपल्या दोन्ही तुकड्यांचा खडक एकच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा बेसॉल्ट झाला. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा त्याच काळातल्या लाव्हाचा उभ्या स्तंभांचा अवशेष आहे, आणि कसारा घाट चढताना रस्त्याच्या कापात दिसणारे काळे थर, त्यांच्यामधले तांबूस पट्टे व कांद्यासारखे सोलत गेलेले गोल धोंडे हेही त्याच खडकाचे रूप आहे. हा खडक झिजला की प्रथम मुरूम होतो. मुरमातले बारीक कण आणि विरघळलेले क्षार पावसाबरोबर उतारावरून खाली जातात व सखल भागात साठून तिथे चिकण, काळी माती तयार होते. म्हणजे वरची मुरमाड पट्टी आणि ओढ्याकाठची काळी ही एकाच उताराची दोन टोके आहेत. मधल्या भागात फूट-दीड फूट मध्यम काळी माती आणि खाली मुरूम अशी एक पट्टी बहुधा सापडते. आपण तिचा उल्लेख केलेला नाही, पण बागेसाठी मला तीच सर्वांत अधिक मोलाची वाटते.

काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण अनेकदा निम्म्याहून अधिक असते आणि ती स्मेक्टाइट या गटातली असते. या चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि सुकले की आकसतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. एक मीटर खोल काळ्या जमिनीत वेलीला उचलता येईल असे पाणी ढोबळमानाने १५० ते २०० मिलिमीटर मावते. पावसाळा संपताना ही साठवण भरलेली असते. नाशिकच्या थंडीत वेल दिवसाला दोन-अडीच मिलिमीटर पाणी घेते असे धरले, तर ठिबकचा एकही थेंब न देता ती दोन महिने सहज काढू शकते. भरड मुरमावरच्या फूट-दीड फूट मातीत ही साठवण ४० ते ५० मिलिमीटरच्या आसपास असते आणि पंधरा-वीस दिवसांत वेलीला तहान जाणवू लागते.

आता हे वर्षाच्या वेळापत्रकावर मांडून पाहावे. आपल्याकडे वेल युरोपातल्यासारखी हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून तिची छाटणी दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी पुढच्या हंगामाच्या काड्या तयार करण्यासाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. त्यानंतर साधारण चाळीस दिवसांत फुलोरा, डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरणे, आणि जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत काढणी. ऑक्टोबरनंतर पाऊस जवळपास नसतो. फुलोऱ्यापर्यंत वेलीला पाणी मुबलक हवे. त्यानंतर, मणी हिरवा आणि कडक असताना, ते हळूहळू कमी व्हायला हवे, म्हणजे शेंडा थांबतो, मणी लहान राहतो, रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते आणि लाल वाइनला लागणारा रंग व टॅनिन (तुरटपणा देणारी द्रव्ये) त्या सालीतून मिळतात. खोल काळ्या जमिनीत आपण ठिबक बंद केले तरी वेलीला त्याचा पत्ताही लागत नाही. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकून बसावा तसे पाणी खालून येतच राहते, शेंडे चालू राहतात, बगलफुटी काढण्यात मजुरी जाते, घड पानांच्या सावलीत राहतात, आणि कॅबर्नेसारख्या वाणात ढोबळी मिरचीचा हिरवा वास पक्व होईपर्यंत टिकून राहतो. या वासाची संयुगे द्राक्षातच तयार होतात आणि ऊन लागल्याने घटतात. सावलीतल्या घडात ती तशीच उरतात.

उलट टोकही वाईटच असते. मुरूम फारच उथळ असून खाली अभंग काळा पाषाण असेल, तर वेल पाणी उतरण्याच्या ऐन वेळी पाने गाळते, घड उन्हाने भाजतात आणि साखर वाढायची थांबते. म्हणून 'मुरमाड ती चांगली' असेही मी म्हणणार नाही. खालचा खडक भेगाळलेला आहे की सलग, यावर सारे अवलंबून असते. भेगाळलेल्या खडकात मुळे खोल जातात आणि बाग कोरड्या वर्षीही तग धरते.

आता आपण वाचलेल्या फ्रेंच जमिनींविषयी. बोर्दोतल्या मेदोक भागात गोट्यांच्या खोल थरांवर कॅबर्ने सोव्हिन्यॉ उत्तम येते, हे खरे आहे. पण तिथे पाऊस वर्षभर विखरून पडतो आणि बागांना पाणी देण्यावर पूर्वापार कडक निर्बंध आहेत, त्यामुळे पावसाचे पाणी किती धरायचे आणि किती सोडून द्यायचे हे काम जमिनीलाच करावे लागते. गोटे ते काम चोख करतात. बोर्दोचे मृदाशास्त्रज्ञ जेरार सेगँ यांनी तिथल्या नामवंत बागांचा अभ्यास करून असाच निष्कर्ष काढला होता की दर्जाचा संबंध जमिनीतल्या एखाद्या विशिष्ट द्रव्याशी जोडता येत नाही, तो निचऱ्याशी आणि वेलीला होणाऱ्या पाणीपुरवठ्याशी लागतो. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर आकाश कोरडे असते आणि ठिबक आपल्या हातात असते. तिथल्या जमिनीने पाणी पुरवायचे असते, इथल्या जमिनीने पावसाळ्याचे पाणी वेळेत सोडायचे असते. म्हणून तिथली यादी उचलून इथे लावता येत नाही.

याच बोर्दोत काकांच्या बाजूचा एक पुरावाही आहे, आणि तो लपवणे योग्य नव्हे. पोमरोल गावातल्या पेट्रुस या जगप्रसिद्ध बागेची जमीन स्मेक्टाइट चिकणमातीचीच आहे, म्हणजे खनिजाच्या दृष्टीने आपल्या काळ्या मातीची भावंड. तिथे मर्लो हा वाण लावलेला आहे. मग तिथे जमते ते दिंडोरीत का जमू नये? तो मळा भोवतालच्या पठारापेक्षा किंचित उंचवट्यावर आहे. भिजून फुगलेली चिकणमाती वरचे जास्तीचे पाणी आत घेत नाही, ते बाजूला वाहून जाते. आणि आत धरलेले पाणी ती इतके घट्ट धरते की वेलीला ते सावकाश, बेताबेताने मिळते. आपली काळी पट्टी ओढ्यालगत, सखल भागात आहे. तिथे चार महिने पाऊस कोसळतो, वरच्या उताराचे पाणीही तिथेच येते आणि वेल वर्षभर जागी असते. माती सारखी असली तरी तिचे बसण्याचे ठिकाण वेगळे आहे. काळ्या जमिनीचा आपला तुकडा उंचवट्यावर असता, तर माझे उत्तर बरेच सौम्य झाले असते.

इथवरचे थोडक्यात असे: मधली आणि वरची पट्टी लाल वाणांसाठी, खालची काळी सर्वांत शेवटी, आणि तीही निचऱ्याची सोय झाल्यावरच. काळी पट्टी वापरायचीच असेल तर तिथे पांढरे वाण लावावेत. शेनिन ब्लाँ भारी जमिनीत तुलनेने सांभाळून घेते. सोव्हिन्यॉ ब्लाँमध्ये तो हिरवट वास थोडा असला तर वाइन बनवणाऱ्यांना तो हवाच असतो, त्यामुळे कॅबर्नेत जो दोष ठरतो तो इथे खपून जातो. नाशिकची आधुनिक वाइन सुरू झाली तीही याच दोन वाणांनी. सुला वाइनयार्ड्सने १९९७ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात ते लावले आणि २००० मध्ये त्यांच्या पहिल्या वाइन बाजारात आल्या. पांढऱ्या वाइनला सालीतला रंग नको असतो, म्हणून मणी थोडा मोठा झाला तरी फार बिघडत नाही. मात्र भारी जमिनीतले दाट घड कुजण्याची भीती राहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला तर काळ्या रानात वाफसा लवकर येत नाही, ट्रॅक्टर आत जात नाही आणि फवारणीला उशीर झाला की केवडा हा बुरशीचा रोग बाग हातची घालवतो. मुरमाड रानात दुसऱ्या दिवशी फवारता येते. एवढ्या एका कारणासाठीही मी उतार पसंत करीन.

वरच्या पट्टीत आपल्याला कॅबर्ने लावायचे आहे. ते वर्ज्य नाही, पण पहिली लागवड शिराझची असावी असे मी सुचवीन. कॅबर्ने उशिरा पिकते आणि नाशिकला मार्च तापू लागला की साखर पुढे धावते, आम्लता कोसळते आणि टॅनिन मागे राहतात. शिराझ त्याआधी आटोपते आणि या मुरमावर त्याची खात्री अधिक आहे.

काही जण मुरमाड रानावर तळ्यातला गाळ किंवा काळी माती टाकून बाग उभी करतात. खाण्याच्या द्राक्षात तो प्रकार रुळला आहे. वाइनसाठी मात्र उतारावर जाड थर टाकून आपण वरच्या जमिनीचा गुणच पुसून टाकतो, शिवाय चिकणमाती आणि भरड मुरूम यांच्या सीमेवर पाणी अडते व मुळे तिथेच घोटाळत राहतात. शेणखत कंपोस्ट करून सरीत घालणे पुरेसे आहे.

रासायनिक बाजूत तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली चुनखड. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत मुक्त चुना अनेकदा बराच असतो आणि सामू (pH) ८ च्या वर जातो. अशा ठिकाणी लोह जमिनीत असूनही वेलीला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फ्रान्समधल्या चुनखडकाचे कौतुक वाचून आपला चुनाही तसाच गुणकारी असेल असे समजू नये. शँपेनचा मऊ, सच्छिद्र खडक पाणी धरून मुळांना पुरवतो, आपल्याकडचे चुनखडीचे खडे चिकणमातीत अडकलेले असतात आणि ते काम करत नाहीत. दुसरी गोष्ट सोडियम. बोअरवेलच्या पाण्यातून तो दरवर्षी साठत जातो, माती चोपण होते आणि निचरा आणखी बिघडतो. म्हणून मातीबरोबर पाण्याचीही तपासणी करावी. जमिनीत मुक्त चुना असेल तर जिप्समवर खर्च करण्याआधी सल्ला घ्यावा, कारण तिथे कॅल्शियमची कमतरता नसते आणि गंधक अधिक उपयोगी पडू शकते.

तिसरी गोष्ट पालाश (पोटॅशियम), आणि टेबल द्राक्षाची सवय असलेले शेतकरी इथेच अडखळतात. बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असतो. खाण्याच्या द्राक्षाला गोडी यावी म्हणून शेवटच्या टप्प्यात पालाश सोडण्याची पद्धत आहे. वाइनच्या द्राक्षात जादा पालाश रसात उतरतो, टार्टारिक आम्लाशी संयोग पावून तळाला बसतो आणि रसाचा सामू वाढतो. लाल वाइनचा सामू ३.६ च्या आसपास असावा असे वायनरी मानते, तो ३.९ कडे गेला की रंग मंदावतो, जिवाणूंचा धोका वाढतो आणि सल्फाइट अधिक वापरावे लागते. म्हणून फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानाचे देठ परीक्षण करून, त्यात कमतरता दिसली तरच पालाश द्यावा. केवळ शेजारच्या बागेत देतात म्हणून देऊ नये.

खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या वेलीवर वाइनच्या वाणाचे कलम करतात तिची, निवडही या तपासण्यांवरच ठरते. महाराष्ट्रात डॉगरिज हा खुंट दुष्काळ आणि क्षार सोसतो म्हणून सर्वदूर पसरला, पण तो वेलीला जोरात वाढवतो. काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत डॉगरिजवर कॅबर्ने लावणे म्हणजे धावत्या घोड्याला चाबूक मारण्यासारखे आहे. उतारासाठी ११० आर या खुंटाचा विचार करावा. तो कोरडेपणा सोसतो आणि वाढीला तुलनेने लगाम घालतो. चुना किंवा क्षार फार निघाले तर निवड बदलेल, आणि त्यासाठी पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहाव्यात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. दगडाची चव मुळांतून द्राक्षात आणि तिथून पेल्यात येत नाही. खडकातली खनिजे जवळपास अविद्राव्य असतात, त्यांना वास नसतो, आणि वेल घेते ती विरघळलेली मूलद्रव्ये, जी वाइनमध्ये अत्यल्प असतात. चाखताना 'खनिजासारखे' म्हणतात ते बहुधा आम्लता, गंधकाची काही संयुगे आणि फळाचा वास कमी असणे यांमुळे जाणवते. जमीन चवीवर परिणाम करते, पण तो पाणी, वाढ, सावली आणि पालाश यांच्यामार्फत. वांद्र्याच्या किंवा लोअर परळच्या एखाद्या चाखण्याच्या कार्यक्रमात कोणी 'नाशिकच्या बेसॉल्टची चव' सांगू लागले, तर ते कौतुकाने ऐकावे आणि लागवडीचा निर्णय मात्र त्यावर घेऊ नये.

माझ्या उत्तरातले काही भाग परिस्थितीप्रमाणे बदलतील. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, नाशिक शहरात तो ७०० च्या आसपास येतो आणि पूर्वेला निफाड-चांदवडकडे आणखी घटतो. दिंडोरी तालुक्यातही पश्चिमेचा भाग आणि पूर्वेचा भाग यांत मोठा फरक आहे. आपले गाव पश्चिमेला असेल तर निचऱ्याविषयी मी जे लिहिले ते दुप्पट गांभीर्याने घ्यावे. पूर्वेला असेल आणि मार्चपर्यंत पाण्याची शाश्वती नसेल, तर मधली मध्यम काळी पट्टी उतारापेक्षा सरस ठरू शकेल. कुठल्याही जमिनीपेक्षा मोठी बाब म्हणजे खरेदीचा करार. २००८-०९ च्या मंदीत, आणि नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईची हॉटेले ओस पडल्यावर, वाइनचा खप घसरला आणि नाशिकमधल्या अनेक शेतकऱ्यांना वाइनच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. वाइनचे द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. वाण, ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप), सामू आणि एकरी उत्पादनाची मर्यादा करारात लिहून घ्यावी.

आता करायचे काय? येत्या मे महिन्यात जेसीबीने तीन खड्डे घ्यावेत: एक ओढ्याजवळ, एक मध्यावर, एक वरच्या टोकाला, प्रत्येक पाच फूट खोल किंवा पाषाण लागेपर्यंत. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी वरच्या थराचाच नमुना घेतला जातो, बागेसाठी तो पुरत नाही. प्रत्येक खड्ड्यातून एकेक फुटाचे वेगळे नमुने घेऊन सामू, क्षारता, मुक्त चुना, सोडियम आणि पालाश तपासून घ्यावेत. खड्ड्याच्या भिंतीत मुरूम कुठे सुरू होतो, चुन्याचे खडे कितव्या फुटावर आहेत आणि माती कुठे राखाडी किंवा हिरवट झाली आहे ते पाहावे. तो रंग दिसला की त्या खोलीवर पाणी दीर्घकाळ साचते असे समजावे. मग खड्डा पाण्याने भरून तो जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच असेल, तर तिथे चर आणि उंच बोद (मातीचे वरंबे) यांच्याशिवाय वेल लावू नये. खड्डे न बुजवता कुंपण घालून पावसाळाभर ठेवता आले तर सप्टेंबरात ते पुन्हा पाहावेत, कारण खालून पाणी कुठवर चढते हे तेव्हाच दिसते. खुंटांची लागवड जानेवारी ते मार्चमध्ये आणि कलम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, तेव्हा सप्टेंबरच्या पाहणीनंतर लगेच रोपवाटिकेकडे मागणी नोंदवावी. ११० आर सहसा ऐनवेळी हव्या तितक्या संख्येने मिळत नाही.